वय बसत नाही म्हणून घरी बसायचं?

पत्र : ताई, मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यातल्या एका खेड्यातली. बाबा कास्तकार आहेत, कोरडवाहू वावर आहे. लहानपणी मी दादाच्या मागं मागं शाळेत जायची, म्हणून गुरुजींनी पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आतच मला पहिलीत बसवलं. कुठंच नापास झाले नाही. यंदा बीएस्सी झाली. केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी, फर्स्ट क्लास. सप्टेंबरात मला वीस पूर्ण होतील. बँकेची जाहिरात आली, तिथं वीस वर्षं पाहिजे, माझे दोन महिने कमी पडले. यूपीएससीला एकवीस. इंटर्नशिपची योजना पाहिली, तिलाही एकवीस. एमएस्सीला अमरावतीला जायचं होतं, पण होस्टेलचा खर्च पाहून बाबा म्हणाले, पुढच्या वर्षी पाहू. आता घरीच आहे. सकाळी स्वयंपाक, दुपारी मोबाईल. मोठे बाबा दोन स्थळं सांगून गेले. आई म्हणते, पाहून तर घेऊ. गावात कोणी विचारलं, 'आता काय करून राहिली?' तर मी सांगते, एमपीएससी करून राहिली. खरं म्हणजे पुस्तक उघडलंसुद्धा नाही. शाळेत सगळे म्हणायचे, ही पोरगी पुढं निघाली. आता वाटते, मीच सगळ्यांच्या मागं राहिली. काय करू?

उत्तर : बेटा, आधी वयाचा हिशेब करू, कारण तुझ्या पत्रात तोच जास्त टोचतो आहे.

बँकेच्या क्लार्कची वयोमर्यादा 20 ते 28 आहे. यंदा दोन महिन्यांनी हुकलं, पुढच्या जाहिरातीत तू बसशील आणि नंतर पुष्कळ वर्षं बसत राहशील. यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेला त्या वर्षीच्या 1 ऑगस्टला एकवीस पूर्ण असावे लागतात. पुढच्या ऑगस्टला तुझी वीस वर्षं अकरा महिने होतात, म्हणजे तेही वर्ष एका महिन्यानं जाईल. त्यानंतरच्या वर्षी बसशील. खुल्या गटाला तिथं 32 पर्यंत मुभा आहे. पंतप्रधान इंटर्नशिप योजना 2024 मध्ये आली ती 21 ते 24 वयासाठी. एमपीएससीच्या राज्यसेवेला 19 पुरतात, म्हणजे तिथं तू आजच पात्र आहेस. पोस्टातल्या ग्रामीण डाक सेवकाला 18 पुरतात आणि ती निवड दहावीच्या गुणांवर होते. तुझे दहावीचे गुण चांगले असतील तर ती जाहिरात सोडू नकोस. लाडक्या बहिणीचे पंधराशेसुद्धा एकविसाव्या वर्षापासूनच मिळतात.

हे सगळं एका कागदावर लिहून काढ आणि प्रत्येकापुढं तू पात्र होशील तो महिना टाक. कागद पाहिलास की कळेल, यातलं कुठलंही दार बंद झालेलं नाही. काही आजच उघडी आहेत, बाकीची उघडायला काही महिने ते दोन वर्षं आहेत, इतकंच. लग्नासाठी मात्र तुझं वय कायद्यानं आधीच पूर्ण भरलं आहे. म्हणूनच घरात तोच विषय निघतो आहे. घरच्यांच्या मनात वाईट काही नाही. पोरगी रिकामी दिसते, बाकी कुठं जागा दिसत नाही, आणि एका ठिकाणी वय बसतं. तिथं सगळ्यांची नजर जाणारच. तेव्हा येते दोन वर्षं रिकामी दिसू द्यायची नाहीत आणि प्रत्यक्षात रिकामी जाऊही द्यायची नाहीत, माझं सांगणं एवढंच आहे. पुढचं सगळं त्यासाठीच लिहिते आहे.

मागं राहिल्याची भावना कुठून येते तेही पाहू. पाच वर्षांची व्हायच्या आधीपासून तुझा दिवस दुसऱ्या कोणीतरी आखून दिलेला होता. घंटा, तास, प्रॅक्टिकल, सबमिशन, परीक्षा. त्यात तू कधी थांबली नाहीस, नापास होऊन घरी बसायची वेळसुद्धा आली नाही. सकाळची एसटी, खिडकीजवळची जागा, मैत्रिणी, कॅन्टीनमधला आलुबोंडा हे सगळं एका निकालासरशी संपलं. मी कॉलेजात शिकवत होते तेव्हा जून-जुलैमध्ये माजी मुली उगाच कॉलेजात येऊन बसायच्या. टीसीचं काम आहे, ग्रंथालयाची अनामत घ्यायची आहे असं काहीतरी निमित्त सांगायच्या. काम पाच मिनिटांचं असायचं आणि त्या दुपारपर्यंत थांबायच्या. त्यांत पहिल्या आलेल्या मुलीही असायच्या. त्यामुळे दुपारी मोबाईल घेऊन पडतेस याला मी आळस म्हणणार नाही. रोजचं जगणं गेलं आहे आणि त्याच्या जागी अजून काही आलेलं नाही.

ते आणावं लागेल, आणि घरात बसून ते येत नाही. आठवड्यातले ठरलेले तीन दिवस तालुक्याला जा. कॉलेजचा पास संपला असेल, पण 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे. जुन्याच गाडीनं जा, जुन्याच वेळेला. तुझ्या केमिस्ट्रीच्या सरांना किंवा मॅडमना विचार, ग्रंथालयात बसू द्याल का. बहुतेक कॉलेजं आपल्या चांगल्या विद्यार्थ्याला नाही म्हणत नाहीत. घरी आधीच सांगून ठेव की सोमवार, बुधवार, शुक्रवार मी नसते. पहिले पंधरा दिवस कुरबुर होईल, मग घर त्या वारांभोवती आपली कामं लावून घेतं.

आता एमपीएससीबद्दल, आणि इथं मी जरा कडक बोलणार आहे. लोकांचं तोंड बंद करायला ते उत्तर फार सोयीचं आहे. कोणी पुढं विचारत नाही, उलट 'वा, वा' म्हणतात. पण असं उत्तर दिलं की काही महिन्यांनी ते खरं करावं लागतं. मग अभ्यासिकेत खुर्ची घेतली जाते, पुस्तकं येतात, एक परीक्षा जाते, दुसरी जाते. यवतमाळ-अमरावतीच्या अभ्यासिकांत अठ्ठावीस-तिशीची किती पोरं अशी बसलेली आहेत, तू पाहिली असशील. त्यांतले काही जण खरोखर तळमळीनं अभ्यास करतात, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण बरेच जण तिथं आले ते 'आता काय?' या प्रश्नाला उत्तर हवं होतं म्हणून. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली आहे. म्हणजे पानंच्या पानं स्वतःच्या शब्दांत लिहावी लागतात आणि त्याला वाचन मुरलेलं असावं लागतं. खुल्या गटालासुद्धा तिथं 38 पर्यंत वय चालतं. तुला खरंच अधिकारी व्हावंसं वाटलं तर दोन वर्षांनी बस, जग थोडं पाहून बस. आज ते नाव घेणं सोड. कोणी विचारलं तर सांग, 'एमएस्सीची तयारी करून राहिली आणि काम शोधून राहिली.' यातलं दुसरं वाक्य ऐकून कदाचित कोणी काम सुचवेलही.

आणि काम तुझ्या तालुक्यातच आहे. तुझ्या विषयांकडे जरा कृषी केंद्राच्या काउंटरवरून पाहा. किरकोळ कीटकनाशक विकायच्या परवान्याला शेतीची पदवी लागते, किंवा केमिस्ट्री, बॉटनी, झूलॉजी यांपैकी विषय असलेली विज्ञानाची पदवी चालते. म्हणजे तुझ्या हातातला कागद बाजारात आजही मोलाचा आहे. इथं एक इशारा देऊन ठेवते. कोणी म्हणालं, 'तू येऊ नको, फक्त सर्टिफिकेट आमच्या परवान्याला लावू दे, वर्षाला एवढे देतो', तर साफ नाही म्हण. त्या दुकानातून उद्या काही चुकीचं विकलं गेलं तर कागदावर नाव तुझं असेल. काम करायचं तर तिथं उभं राहून करायचं.

त्या कामात काय आहे, ते जरा सविस्तर सांगते. 2017 साली तुझ्याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. तू तेव्हा शाळेत होतीस, गावात चर्चा ऐकली असशील. कपाशीची पऱ्हाटी डोक्याइतकी वाढलेली, फवारा तोंडावर येणारा, दोन-तीन औषधं एकाच पंपात मिसळलेली, अंगात साधा सदरा, हातात मोजे नाहीत. बाटलीवर सगळं लिहिलेलं असतं. तिरक्या चौकोनाच्या खालच्या अर्ध्या भागात रंग असतो. लाल म्हणजे सर्वांत विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. प्रमाण लिहिलेलं असतं, उतारा लिहिलेला असतो. पण अक्षरं बारीक असतात, आणि वावरात माप चालतं ते झाकणाचं. 'पंपाला किती झाकणं टाकू?' असं विचारतात. पंप पंधरा लिटरचा की वीसचा, झाकण किती मिलिलिटरचं, हे कोणी धड विचारत नाही आणि सांगतही नाही. तू विरलीकरणाची गणितं तीन वर्षं सोडवली आहेस. ऑर्गॅनोफॉस्फरस गटाचं औषध शरीरात कोणतं एन्झाईम अडवतं, हे झूलॉजीत शिकली आहेस. मग घाम, लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणं ही लक्षणं का येतात तेही तुला समजतं. पेशंटला दवाखान्यात नेताना बाटली सोबत न्यावी, म्हणजे डॉक्टरांना औषध कोणत्या गटातलं ते कळतं आणि ॲट्रोपिन द्यायचं की नाही ते ठरवता येतं. हे गिऱ्हाइकाला सांगणारं माणूस त्या काउंटरवर असेल तर फार फरक पडतो. अशा दुकानात तुझ्यासारखी मुलगी उभी राहावी, असं मला मनापासून वाटतं.

दुकानदार पहिल्यांदा म्हणेल, पोरीचं काम नाही. आता फवारणीचे दिवस आहेत, गर्दी आहे, त्याला मदतीचा हात हवाच असतो. एकटी जाऊ नकोस. बाबांना घेऊन जा, ते ज्या दुकानातून बी-बियाणं घेतात तिथंच. पगार थोडा असेल. तो रोख घेऊ नकोस, तुझ्या स्वतःच्या खात्यात घे. संध्याकाळी शेवटच्या गाडीच्या आधी सुटका होईल, हे पहिल्याच दिवशी ठरवून घे. ते जमलं नाही तर माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत विचार, जिनिंगमध्ये कापसाची प्रत तपासतात तिथं विचार. जिल्ह्याच्या कौशल्य विकास कार्यालयात जाऊन नाव नोंदव. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना 2024 मध्ये सुरू झाली ती 18 वर्षांपासूनच्या मुलांसाठी, आणि पदवीधराला महिना 10,000 रुपये ठरवले होते. यंदा जागा आहेत का, हे तिथंच समजेल. आणि यातलं काहीच हाती लागेपर्यंत गावातल्या आठवी ते दहावीच्या मुलांना विज्ञान शिकव. पैसे घेऊन शिकव, थोडे का होईना.

शिकवण्यावरून बीएडचं आठवलं, कारण पुढचा सल्ला तुला घरातून तोच येणार आहे. 2024-25 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. बीएड त्यात येतं. जवळ आहे, फुकट आहे, पोरीला बरं आहे, असं सगळे म्हणतील. ही सवलत फार मोठी आहे आणि तिचा फायदा घ्यावा, पण आवड असेल तरच. शिक्षक भरतीला पुढं टीईटी ही पात्रता परीक्षा आहे, टेट ही अभियोग्यता चाचणी आहे, भरतीचं पवित्र पोर्टल आहे, वाट पाहणं आहे. वर्षभर मुलांना शिकवून बघ. ज्या दिवशी पोरांना समजलं नाही त्या दिवशी तुला चैन पडत नसेल, तर बीएडचा फॉर्म भर.

एमएस्सीला मात्र मी ठामपणे हो म्हणते. 'पुढच्या वर्षी पाहू' हे बाबांचं वाक्य तू नकार समजून बसली आहेस. ते वर्ष धरून चाल. आयआयटीतर्फे होणारी जॅम परीक्षा फेब्रुवारीत असते, तिला वयाची अट नाही. तीन तासांचा पेपर, शंभर गुण, विषय तुझा केमिस्ट्री. त्या गुणांवर आयआयटीत जाता येतं, एनआयटीतही. नागपूरची व्हीएनआयटी त्यातलीच. तुझा भौतिक आणि सेंद्रिय रसायनाचा पाया पक्का असावा लागेल, गणित बारावीच्या पातळीचं तरी परत काढावं लागेल. 'स्वयम' या सरकारी संकेतस्थळावर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत, मोबाईल दुपारी हातात असतोच. जॅममध्ये नंबर लागला नाही तरी त्याच अभ्यासावर अमरावती विद्यापीठाच्या एमएस्सीत तू कुठल्याही मुलीच्या बरोबरीनं उभी राहशील. पण एक अडचण आत्ताच दिसते. दिवाळीच्या सुमारास कापूस फुटतो आणि वेचणी सुरू झाली की घरातल्या प्रत्येकाचे हात लागतात, जानेवारीत तूर असते. नेमका तोच तुझा अभ्यासाचा काळ. तेव्हा ऐनवेळी रुसून बसण्यापेक्षा पोळ्याच्या आधीच सांग : सकाळची वेचणी मी करीन, दुपारनंतर मला सोडा. आणि मजूर लावला असता तर जेवढी मजुरी गेली असती तेवढी तुझ्या खात्यात जमा करा, म्हणजे होस्टेलचा पहिला हप्ता तयार होईल. बाप पोरीला मजुरी देत नाही, हे मला माहीत आहे. तरी मागून बघ. तुझ्या कामाची किंमत घरात एकदा बोलली गेली पाहिजे.

स्थळांचं आता. तुळशीचं लग्न झालं की पाहुणे फिरू लागतात, तोवर तुझ्याकडे दोन-तीन महिने आहेत. 'पाहून तर घेऊ, बघायला काय जातं' हे वाक्य फार निरुपद्रवी वाटतं. पण पोहे झाले की बैठक ठरते, बैठक झाली की मोठ्यांचा शब्द जातो, आणि शब्द गेला की मोडताना बाबांची मान खाली जाते, मग तूच मोडू देत नाहीस. म्हणून यंदा एकही स्थळ पाहू नकोस, नोकरीवाला असला तरी नको. बाबांसमोर लग्नाला विरोध म्हणून बोलू नकोस. त्यांना मुदत दे. 'बाबा, मला बावीस पूर्ण होईपर्यंत थांबा. तोवर एमएस्सीचं एक वर्ष झालं असेल, मी थोडं कमावलेलं असेल. मग तुम्ही म्हणाल त्यावर बोलू.' तो वयाचा कागद आणि फेब्रुवारीच्या परीक्षेचा फॉर्म त्यांच्या हातात दे. मोठ्या बाबांना उत्तर द्यायला बाबांना काहीतरी ठोस लागतं, ते तू पुरवायचं. आणि आई. ती 'पाहून घेऊ' म्हणते त्यामागं भीती असते, वय निघून जाईल ही. पण तू वर्गातल्या मुलींहून दीड-दोन वर्षांनी लहान आहेस. बावीसला तू थांबलीस तरी त्यांच्या आत्ताच्या वयाच्या जेमतेम थोडी पुढं असशील. हे आईला शांतपणे, ती भाकरी टाकत असताना शेजारी बसून सांग. बाबांच्या आधी तिला सांग.

एकटेपणा लगेच जाणार नाही. मैत्रिणी अमरावतीला गेल्या, कोणाची लग्नं ठरली, कोणी एटीकेटीत अडकली. त्यांच्यातली एक तरी धर, आठवड्यातून एकदा फोन ठरवून कर, स्टेटस पाहून समाधान मानू नकोस. आणखी एक सुचवते. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं 2006 मध्ये तरुण मुलामुलींसाठी 'निर्माण' हा उपक्रम सुरू केला. शिक्षणाचं आणि जगण्याचं काय करायचं, या प्रश्नावर तिथं शिबिरं होतात आणि अर्ज करून निवड होते. तुझ्यासारखाच प्रश्न घेऊन आलेली पोरं तिथं भेटतील. घरचे पाठवतील का, हा वेगळा मुद्दा; अर्ज तरी भर.

सप्टेंबर उजाडायच्या आत हे कर. कॉलेजातून तिन्ही वर्षांच्या गुणपत्रिका आणि तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र घे. टीसी काढलीस तर तिच्या दोन-तीन साक्षांकित प्रती करून ठेव, मूळ कोणाच्याही हातात देऊ नकोस, कृषी केंद्रवाल्याच्या तर मुळीच नाही. उत्पन्नाचा दाखला आणि जातीची कागदपत्रं सेतूत आत्ताच टाक, जूनमध्ये तिथं रांगा लागतात. जॅमचा फॉर्म सप्टेंबर-ऑक्टोबरात ऑनलाइन निघतो. तो मोबाईलवर घाईत भरू नकोस, तालुक्याला जाऊन कॉम्प्युटरवर भर. नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर आहे अगदी तसंच लिही, बाबांच्या नावातलं एक अक्षरही बदलू नकोस. मुलींचे फॉर्म तिथंच अडकतात.